चौथरा राहू द्या, आई हलवा

मु. वाइमातो, एनुआरोआ बेट
सोमवार, विमान सुटायच्या आत

ति. मिरियामाताईस,

धाकट्या नूरोआचा किया ओराना. भाओजींना वेगळा, मुलांना वेगळा, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला सगळ्यांच्या आधी. कसा आहे गुडघा? मावशीने तुझ्यासाठी नोनीचा रस काढून ठेवला होता, पण बाटली उन्हात फुटली आणि त्या वासाने पाहुण्यांच्या दोन नंबरच्या झोपडीतलं जर्मन जोडपं एक दिवस आधी निघून गेलं. तेव्हा तुझा गुडघा आता देवावर सोपवला आहे. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझी भावजय रांगी बरी आहे (तिचं वजन वाढलंय हे मी तुला कळवलेलं नाही, लक्षात ठेव). डुक्कर बरं आहे, डिसेंबरपर्यंत आणखी बरं होईल. आई जिथे होती तिथेच आहे. हे शेवटचं वाक्य मला लिहायची वेळ का आली, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. त्यासाठीच तर हे पत्र. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच ओरडतेस. पत्रावर ओरडलीस तरी मला इथे ऐकू येत नाही.

ताई, तू बावीस वर्षांपूर्वी ऑकलंडला गेलीस म्हणून तुला कल्पना नसेल, पण आपलं बेट सुंदर आहे. आपण लहान होतो तेव्हा ते तसं नव्हतं. तेव्हा इथे खारं पाणी होतं, पायाला कापणारं प्रवाळ होतं, संध्याकाळी चावणारे डास होते आणि डब्यातलं बीफ घेऊन येणारी बोट होती, जी बहुतेक वेळा येत नव्हती. आता पाणी पाचूचं झालंय आणि प्रवाळ स्वप्नातलं झालंय. डास तेवढे अजून डासच आहेत, पण त्यांच्याबद्दल छापील पुस्तकात लिहायची पद्धत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे गूढ आहे. हे गूढ नेमकं कुठे ठेवलेलं असतं ते मला अकरा वर्षं झोपड्या चालवूनही सापडलेलं नाही, पण पाहुण्यांना ते धावपट्टीवरून माझ्या गाडीत बसताबसता सापडतं. पाहुणा उतरतो, पाणी बघतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘शब्दच नाहीत.’ त्यानंतर जेवणापर्यंत त्याचं तोंड मिटत नाही.

मी हे सगळं ऐकतो, कारण पाहुण्यांना झावळ्यांच्या भिंती लागतात. आपल्या बाबांनी झावळ्यांच्या घरातून सुटायला आयुष्य घातलं. सिमेंटच्या चार भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गावाला खड्ड्यातल्या उमूत भाजलेलं डुक्कर खाऊ घातलं होतं, आठवतं ना? आणि मी चौदा वर्षं तुमच्या तिकडच्या मांसाच्या कारखान्यात मेंढ्यांच्या धडांवर शिक्के मारले, परत आलो, आणि त्या कमाईतून काय बांधलं? झावळ्यांची घरं! चार! बाबा ज्यातून पळाले त्यात राहायला लोक दोन दोन विमानं बदलून येतात. असो. सांगायचं म्हणजे झावळ्यांच्या भिंतीला कान लावावा लागत नाही, कानाने नुसतं घरी असावं लागतं. तर ते जर्मन जोडपं. पहिल्याच संध्याकाळी बाई म्हणाली, ‘इथल्या हवेत काहीतरी आहे, नाही का? शब्दात धरता येत नाही असं.’ नवऱ्याने लांब श्वास ओढला. मग म्हणाला, ‘आहे खरं. फार जुनं काहीतरी.’ ताई, ती नोनीची बाटली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनाच सापडली.

आता मुद्द्यावर येतो. (रांगी मागून म्हणते आहे, ‘दुसऱ्या पानावर आलास मुद्द्यावर?’ ती वाचत नाहीये, तिला नुसतं ठाऊक असतं.) जून महिन्यात ओडिल नावाची एक कॅमेरेवाली बाई आली. प्रवासाच्या कुठल्याशा जाड गुळगुळीत मासिकासाठी तिला ‘जगातलं शेवटचं गूढ बेट’ हवं होतं, आणि बाकीची शेवटची बेटं त्या आठवड्यात भरलेली होती. बरोबर सहा पेट्या आणि लीव नावाची एक मुलगी, जिला फोटोत नुसतं पडून राहायचं होतं. मुलगी गुणाची होती, पण इतकी बारीक की मावशीने पहिल्याच भेटीत तिच्या हातात उकडलेल्या तारोची फोड ठेवली आणि खाऊन होईपर्यंत तिथून हलली नाही.

ओडिलबाईंना सगळं नैसर्गिक हवं होतं. म्हणून आधी कपड्यांची दोरी काढली. मग बोटीची मोटर झाकली. प्लास्टिकच्या खुर्च्या मागे गेल्या, कोंबडे पाटीखाली गेले, डुक्कर सोडून चर्चमागे नेऊन बांधलं. मग ती बाई डोळे बारीक करून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली की, अजून काहीतरी खटकतंय. खटकत होती ती रांगी. ती दारात बसून तारोची पानं निवडत होती. मी रांगीला आत जायला सांगितलं. (त्या रात्री मला जेवायला काय मिळालं ते या पत्रात लिहीत नाही.) तर असं सगळं बेटावरचं बेट काढून टाकल्यावर बाईंना खरं बेट दिसायला लागलं.

यात माझी चूक एवढीच की, मी प्रत्येक वेळी हो म्हटलं. तुला माझ्या भुवया माहीत आहेत. आपल्याकडे हो म्हणायला तोंड उघडायचे कष्ट कुणी घेत नाही, भुवया उडवल्या की झालं. पण इतरांच्या भुवया त्यांना विचारून उडतात. माझ्या माझ्या आधी उत्तर देतात. शाळेत मास्तरांनी विचारलं होतं, खिडकी तू फोडलीस का? मी तोंडाने चांगलं ठणकावून नाही म्हणत होतो, आणि भुवया टोपीत जाऊन बसल्या होत्या. त्यात अकरा वर्षं पाहुणे सांभाळले. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं आईने आपल्याला शिकवलंच नाही. आता तर समोर कुणी परका उभा राहून आवाज जरा वर न्यायला लागला की प्रश्न पुरा व्हायच्या आत त्या वर जातात.

आणि मग ओडिलबाईंची नजर आईवर पडली.

यात थोडा दोष तुझाही आहे. रागावू नकोस, आधी ऐक. अंगणात, दारापासून सात पावलांवर, चार खांब, वर पत्रा, खाली गुळगुळीत चौथरा. आणि त्यावर तू ऑकलंडहून पाठवलेल्या त्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, ज्या पेटीवरच्या अक्षरांप्रमाणे न्हाणीघराच्या आहेत. (छान आहेत. आईला आवडल्या असत्या. पण न्हाणीघराच्या आहेत.) नावाचा दगड अजून बसलेला नाही, कारण तो तू डिसेंबरात घेऊन येणार आहेस, त्याचं कापड तूच काढणार आहेस. म्हणजे आईचं नाव नाही, तारीख नाही, क्रूस नाही. आपलं कुणी असतं तर त्याला सांगायची गरज पडली नसती. ज्याच्या अंगणात त्याची माणसं पुरलेली नाहीत त्याला आपण घरंदाज समजत नाही. पण या बाईला ते कसं कळावं? तिने काय पाहिलं? तिने पाहिलं की रांगी तिथे बसून पानं निवडते, मी आंघोळ करून पाय वाळवत बसतो, आणि मावशी रोज दुपारी तिथे आडवी होऊन हातवारे करत एकटीच बोलते. (एकटी नाही, आईशी बोलते. गेल्या आठवड्यात तिने आईला तुझ्या मुलीच्या साखरपुड्याची बातमी दिली. पसंत नाहीये तिला मुलगा. दोघींनाही, असं मावशी म्हणते.)

‘या शय्येचा आम्ही वापर केला तर चालेल?’ ओडिलबाईंनी विचारलं.

भुवया गेल्या वर.

नंतर मला वाटलं, सांगावं. पण कसं सांगायचं? मधल्या वेळात त्यांनी चादर मागितली, रांगीने एक आणून दिली (कोणती, ते खाली येईल), ती चौथऱ्यावर अंथरली, लीवला तेल चोपडून तिच्यावर आडवं केलं, केसांत फूल खोचलं, हातात शहाळं दिलं. आता या टप्प्यावर मध्ये तोंड घालून, ‘बाई, माफ करा, पण ही माझी आई आहे,’ असं म्हणणं मला पाहुणचाराला सोडून वाटलं. आईनेही म्हटलं असतं की, पडू दे पोरीला, दमली असेल. अशी दोन तास मी स्वतःची समजूत घातली. मग मावशी आली.

मावशीची दुपारची वेळ झाली होती. हातात पंखा, काखेत उशी. चौथऱ्यापाशी थांबली, लीवकडे पाहिलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाली, ‘ए पोरी, पाय आखड जरा. माझ्या बहिणीच्या पोटावर पडलेत.’

ओडिलबाईंनी मला विचारलं, काय म्हणतायत त्या? मी म्हटलं, त्या म्हणतायत जागा छान आहे. ताई, तेपाएरू मावशीने तुमच्या तिकडच्या हॅमिल्टनच्या इस्पितळात सात वर्षं फरशी पुसली आहे हे मी पार विसरलो होतो. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि तेच वाक्य चोख इंग्रजीत, शिवाय हाताने आईची उंची, रुंदी आणि पोटाची नेमकी जागा दाखवून, पुन्हा म्हटलं. लीव जी किंचाळत उठली ती सरळ पाण्यात. तिथे तिचा पाय समुद्रकाकडीवर पडला. दुसरी किंकाळी पहिलीपेक्षा चांगली होती. पलीकडच्या वाडीतून माणसं धावत आली, आणि सगळं समजल्यावर हसत हसत आईच्याच चौथऱ्यावर बसली.

मला वाटलं, आता ओडिलबाई सामान बांधतील. छे! त्यांच्या डोळ्यांत पाणी. हात जोडून म्हणाल्या, ‘तुम्ही मृतांच्या सोबत राहता!’

‘सोबत नाही, शेजारी,’ मावशी म्हणाली. ‘सोबत ती जिवंतपणीही कुणाला राहू देत नव्हती.’

बाईंनी वही काढली. या कोण होत्या? सरदार घराण्यातल्या होत्या का? कशाने गेल्या? मावशीने उशी ठाकठीक केली, आडवी झाली आणि म्हणाली, ‘साखर होती तिला.’ ओडिलबाईंनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं असेल ते देव जाणे.

हे इथेच संपलं असतं. पण गेल्या बुधवारच्या विमानाने ब्रॅडली आला. ब्रॅडली म्हणजे सिडनीच्या एका मोठ्या सहलकंपनीचा माणूस. वय असेल पस्तीस, गळ्यात फुलांचा एई (विमानतळावर स्वतःच विकत घेऊन स्वतःच घातलेला, मी पाहिलं), आणि आपल्या भाषेतले तीन शब्द येतात ते तिन्ही प्रत्येक वाक्यात वापरतो. त्याच्याकडे तो फोटो होता. मासिक पुढच्या महिन्यात बाहेर पडतं आहे आणि मुखपृष्ठावर लीव आहे, म्हणजे लीव आणि खाली आई. ब्रॅडलीला त्या फोटोने वेड लावलं होतं. कंपनी माझ्या चारही झोपड्या पाच वर्षं भरून द्यायला तयार, म्हणाला. एकही दिवस रिकामा नाही. पण पाहुण्यांना ती फोटोतली जागा हवी. मावळतीला त्या शय्येवर पडून शहाळं प्यायचं, पाण्याकडे बघायचं. पाटीही करून आणली होती, ‘निद्रिस्त राजकन्येची शय्या’. आपली आई, ताई, जिने चर्चच्या बायकांच्या शिवणवर्गावर तीस वर्षं असं राज्य केलं की पाद्रीसुद्धा वळसा घालून जायचे, ती राजकन्या! मावशी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ‘निद्रिस्त?’ म्हणाली. ‘हिच्या घोरण्याने तुझ्या बाबांची बांधलेली होडी सुटायची.’

मग ब्रॅडलीने आवाज खाली आणला. ओडिलबाईंकडून त्याला कळलं होतं की खाली कुणीतरी आहे. त्याचं म्हणणं, पाहुण्यांना गूढ हवं असतं, पण प्रेत नको असतं. त्याने त्यावर तोडगाही काढला होता. चौथरा सुरेख आहे, तो तसाच ठेवायचा, टाइल्ससकट. फक्त खालचं जे आहे ते मागे न्यायचं, जनरेटरच्या खोलीमागे, पाण्याच्या टाकीजवळ. तिथेही फार शांत आहे, म्हणाला. (तो आला तेव्हा जनरेटर बंद होता.) सगळं मानाने, पाद्र्यांना बोलावून, कंपनीच्या खर्चाने. थोडक्यात काय, चौथरा राहू द्या, आई हलवा.

‘तर मग, नूरोआ, आपलं जमलं ना?’ असं म्हणताना त्याचा आवाज हळूहळू वर गेला, आणि ताई, मी शपथेवर सांगतो की मी काही केलं नाही. मी त्या वेळी विचार करत होतो. पण कपाळावर काहीतरी सरकल्यासारखं झालं.

‘उडाल्या!’ चौथऱ्यावरून मावशी ओरडली. ‘दोन्ही उडाल्या! मी बघितल्या!’

‘अगं मावशी, सवय आहे ती. पाहुणा विचारतो म्हणून –’

‘पाहुण्याने उद्या बायको मागितली तर?’

‘विचारू दे की,’ रांगी स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘मी पण उडवीन भुवया.’

ब्रॅडलीला यातलं काही कळलं नाही. पण भुवयांचं त्याने पुस्तकात वाचलेलं होतं. उठून माझा हात दोन्ही हातांनी हलवला, टेबलावर एक कागद ठेवला, आणि एक तारखेला गवंडी घेऊन येतो म्हणून त्याच विमानाने परत गेला. आता कागद नसता तरी फरक काय पडणार होता? चार माणसांदेखत, आईच्या डोक्याशी उभं राहून पाहुण्याला दिलेलं हो ते. आपल्याकडे ते माघारी घेतलं तर पुढच्या रविवारी चर्चमध्ये बाकावर कुणी शेजारी बसत नाही. आणि नाही घेतलं तरी बसत नाही, हे मला काल कळलं.

गुरुवारपासून मावशीने ठिय्या दिला आहे. चौथऱ्यावरून उठत नाही. पंखा, उशी, पाण्याची बाटली, डब्यातलं बीफ आणि बायबल, असा सगळा संसार मांडला आहे. मी जवळ गेलो की आईशी बोलायला लागते, आणि नेमकं मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. ‘बाई गं, तुझा लेक आलाय बघ. टाकीजवळ हवेशीर आहे म्हणतो. अंगावर शेवाळ येईल तुझ्या, पण लेकाच्या झोपड्या भरतील.’ पाहुणे तिचे फोटो काढतात. तीन नंबरच्या झोपडीतल्या कॅनडाच्या गृहस्थाने तिला अदबीने विचारलं, आपण इथल्या पुजारीण आहात का? मावशी हो म्हणाली आणि त्याला पाव आणायला दुकानात पाठवलं. तो गेला. आता रोज जातो. काल रविवार, चर्चला जावंच लागणार, तर जाताना तिने रांगीची मोठी टोपी चौथऱ्यावर ठेवली आणि टोपीला बजावलं की, कुणी आलं तर हलू नकोस. चर्चमध्ये पाद्र्यांनी ‘आईबापांचा मान राखा’ हा विषय घेतला. माझ्याकडे बघितलं नाही हो त्यांनी. सगळं गाव बघत होतं, त्यांना गरज काय? शेवटचं भजनही माझ्या दिशेने म्हटलं गेलं, आणि आपल्याकडचे खालच्या पट्टीतले गळे तुला माहीत आहेत.

आता एक खरं सांगतो, कारण तुझ्यापासून लपवून उपयोग होत नाही. मी त्या कागदावर विचार केला. पाच वर्षं भरलेल्या झोपड्या म्हणजे काय ते मांसाच्या कारखान्यात चौदा वर्षं काढलेल्या माणसाला विचार. पहाटे उठून धावपट्टीवर जाऊन हसत उभं राहायचं नाही. झावळ्यांचं छप्पर दरवर्षी हातापाया पडून शिवून घ्यायचं नाही. मी टाकीमागे जाऊन जागाही बघून आलो. उभा राहिलो तिथे. रांगी कपडे वाळत घालत होती. जनरेटर सुरू झाला. मी परत आलो.

तेव्हा मी काय ते ठरवलं, ब्रॅडलीला स्पष्ट शब्दांत सांगून टाकलं, आणि विषय संपवला आहे. तू काळजी करू नकोस. गुडघ्याला जप, भाओजींना फार मीठ देऊ नकोस, आणि जावयाला आमच्याकडून जपून आशीर्वाद.

तुझा लाडका (मावशीच्या मते तुझा एकुलता म्हणून लाडका) भाऊ,
नूरोआ

ता. क. – ब्रॅडलीला स्पष्ट शब्दांत सांगितलं असं वर लिहिलंय, ते मी मनात सांगितलं. तोंडावर सांगायला तो इथे नव्हता, आणि असता तर काय झालं असतं ते तुला माहीत आहे. सोबत त्याचा कागद जोडला आहे. जमीन सगळ्या घराची, म्हणून थोरल्याची सही लागते, आणि थोरली तू. शेवटच्या पानावर त्याने पेन्सिलीने फुली मारली आहे.

ता. क. २ – सही करू नकोस. हेच सांगायला पत्र लिहिलं, बाकीचं आपलं ओघात आलं. माझं हो फिरवू शकेल असं या घरात एकच माणूस आहे, आणि थोरल्या बहिणीने नाही म्हटल्यावर धाकट्याला गाव काही बोलत नाही. तेव्हा पुढच्या विमानाने नकाराचं पत्र पाठव. इंग्रजीत लिही, मोठ्या अक्षरात, म्हणजे ब्रॅडलीला देता येईल. मला भरपूर शिव्या घाल. मूर्ख घाल, हावरट घाल (ते थोडंसं खरं आहे), आईच्या दुधाचं काहीतरी घाल. ते पत्र हातात घेऊन मी खांदे पाडून त्याच्यापुढे उभा राहीन आणि म्हणेन, बघा ब्रॅडली, माझी फार इच्छा होती, पण ताई म्हणजे राक्षसीण आहे. तू राक्षसीण झालीस तर कुणाचं काही बिघडत नाही, तू लांब आहेस. एक प्रत पाद्र्यांसाठीही पाठव. ते वाचताना मी भुवया बांधून बसणार आहे, मावशीने रुमाल काढून ठेवला आहे.

ता. क. ३ – ते मासिक तुला तिकडे दुकानात दिसेल. लीवच्या अंगाखालची चादर ओळखीची वाटली तर ती चादर नव्हे. ती तुझी तिवाएवाए आहे, लाल जास्वंदांची गोधडी, आईने तुझ्या लग्नासाठी दोन वर्षं बसून शिवलेली. तिच्या दफनाला आलीस तेव्हा सामान जास्त झालं म्हणून पेटीत ठेवून गेलीस ना, तीच. रांगीला घाईत तीच सापडली. जपून अंथरली होती. तेलाचा एक डाग पडला आहे. लीवच्या खांद्याच्या आकाराचा आहे. गेलेला नाही.

ता. क. ४ – एक तुला कधी सांगितलं नव्हतं. बुधवारी ब्रॅडली फीत घेऊन चौथरा मोजत होता, तेव्हा त्याने विचारलं की डोकं कुठल्या बाजूला आहे, म्हणजे पाहुण्यांच्या उशा तशा ठेवता येतील, पाण्याकडे बघत. मावशी म्हणाली, डोकं पाण्याकडे आहे. तोंड रस्त्याकडे. ब्रॅडलीला वाटलं आम्ही पुरताना चुकलो. चुकलो नाही. शेवटच्या आठवड्यात आईनेच सांगितलं होतं. म्हणाली, ‘ते पाणी मी चौऱ्याहत्तर वर्षं बघितलं, त्यात बघायचं काय आहे? येतं आणि जातं. मला रस्त्याकडे तोंड करून ठेव. विमानातून कोण उतरलं ते घरी येईपर्यंत दिसेल.’ मी म्हटलं, आई, विमान आठवड्यातून तीनदाच येतं. ती म्हणाली, मला घाई नाही. टाकीमागून रस्ता दिसत नाही, ताई. मी उभा राहून बघितलं.

ता. क. ५ – डिसेंबरला दगड घेऊन येशील तेव्हा महिनाभर तरी राहा. एक नंबरची झोपडी मी कुणाला देत नाहीये. आणि येताना तिकडे डाग काढायचं ते औषध मिळतं, त्याच्या दोन बाटल्या आण. इथे मिळत नाही. इथे नुसतं सौंदर्य मिळतं.